चाक चमकवायला गेलात आणि थरच गेला? ॲनोडाइज्ड अलॉय व्हील धुण्याआधी हे वाचा

माझ्या एका मित्राने पैसे साठवून गाडीसाठी जपानी चाकांचा जुना सेट घेतला. मध्ये सोनेरी जाळी आणि बाहेर आरशासारखी चकचकीत कड. पावसाळा संपल्यावर तो गाडी घेऊन हायवेवरच्या एका वॉशिंग सेंटरला गेला. तिथल्या पोराने एका बिनलेबलच्या कॅनमधलं पातळ काहीतरी चाकांवर मारलं, ब्रशने घासलं, वरून पाणी सोडलं. ब्रेकची सगळी काळी घाण दोन मिनिटांत गेली. मित्र एकदम खुश.

घरी येईपर्यंत चाकं सुकली आणि त्या चकचकीत कडेवर पांढुरके ओघळ दिसायला लागले. ओल्या फडक्याने पुसले की गायब, सुकले की परत हजर. मग त्याने मेटल पॉलिश आणलं आणि घासत बसला. तासाभराने एक पट्टा लख्ख झाला, बाजूचा मात्र धुरकटच राहिला. आज त्या कडेवर दोन वेगवेगळे रंग दिसतात आणि लख्ख झालेला पट्टाही दर पावसाळ्यात काळवंडतो.

यात चुका दोन झाल्या. पहिली चूक त्या कॅनमधल्या ॲसिडची आणि दुसरी पॉलिशची. दोन्हींच्या मुळाशी गोष्ट एकच होती. त्या कडेवर ॲनोडायझिंग होतं आणि ते काय असतं हे कोणालाच माहीत नव्हतं.

ॲनोडायझिंग म्हणजे नेमकं काय?

नाव अवघड वाटलं तरी वस्तू तुमच्या घरातच आहे. काळा-करडा हार्ड ॲनोडाइज्ड कुकर किंवा कढई आठवा. स्लायडिंग खिडक्यांच्या चंदेरी, तपकिरी पट्ट्याही अनेकदा ॲनोडाइज्डच असतात.

ॲल्युमिनियम हवेत उघडं राहिलं की त्याच्यावर आपोआप ऑक्साइडचा थर बसतो. लोखंडाचा गंज पोखरत आत जातो, हा थर मात्र उलट धातूचं रक्षण करतो. अडचण एवढीच की तो फारच पातळ, म्हणजे जेमतेम काही नॅनोमीटरचा असतो.

ॲनोडायझिंगमध्ये हाच थर मुद्दाम जाड केला जातो. ॲल्युमिनियमची वस्तू पातळ केलेल्या सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत सोडतात, ती विजेच्या धन टोकाला जोडतात आणि प्रवाह सुरू करतात. या धन टोकाला ॲनोड म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. धातूचा वरचा भाग हळूहळू ऑक्साइडमध्ये बदलत जातो. शोभेच्या आणि बाहेर वापरायच्या वस्तूंवर हा थर साधारण ५ ते २५ मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज येईल.

या थरात सुरुवातीला असंख्य बारीक छिद्रं असतात. रंग हवा असेल तर तो याच छिद्रांत भरतात. नंतर वस्तू जवळजवळ उकळत्या पाण्यात ठेवली की छिद्रांची तोंडं बंद होतात. याला सीलिंग म्हणतात.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी की हा थर बाहेरून लावलेला रंग नाही. तो धातूपासूनच तयार झालेला असतो, त्यामुळे त्याचे पोपडे निघत नाहीत. माणिक आणि नीलम ही रत्नंसुद्धा मुळात ॲल्युमिनियम ऑक्साइडच आहेत. म्हणजे आपल्या चाकावरचा थर त्यांच्याच कुळातला. कडक, पण एकदा गेला की ब्रश मारून परत आणता येत नाही.

हे सुरू झालं समुद्रामुळे

१९२३ साली ब्रिटनमध्ये ॲनोडायझिंग पहिल्यांदा उद्योगाच्या पातळीवर वापरलं गेलं, ते समुद्रावर उतरणाऱ्या विमानांसाठी. या विमानांचे ड्युराल्युमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे भाग खाऱ्या पाण्याने खराब होत होते. ते वाचवण्यासाठी बेंगॉ-स्टुअर्ट पद्धत आली. त्यात सल्फ्युरिकऐवजी क्रोमिक ॲसिड वापरत.

गाड्यांच्या चाकांमधलं गाजलेलं उदाहरण पोर्शचं आहे. १९६६ साली आलेल्या पोर्श ९११ एसला जर्मनीच्या ऑटो फुक्स कंपनीने बनवलेली पाच पाकळ्यांची चाकं होती. ती ओतीव नव्हती, घडीव होती, म्हणजे ॲल्युमिनियम दाबून, ठोकून आकार दिलेली आणि वर ॲनोडायझिंग केलेली. जपानमध्ये ॲनोडायझिंगला अलुमाइट म्हणतात. तिथल्या दोन-तीन तुकड्यांत बनणाऱ्या चाकांच्या कडा अनेकदा अशाच असतात. मित्राची कडही त्यातलीच होती.

मग माझ्या गाडीची चाकं ॲनोडाइज्ड आहेत का?

खरं सांगायचं तर बहुतेक नसतील. आपल्याकडे शोरूममधून येणाऱ्या गाड्यांची अलॉय व्हील्स सहसा ओतीव असतात. ओतकामासाठी ॲल्युमिनियममध्ये साधारण ७ टक्के सिलिकॉन असलेला मिश्रधातू वापरतात. सिलिकॉन जास्त असलं की ॲनोडायझिंग करड्या रंगाचं आणि मळकट येतं. म्हणून या चाकांवर रंग आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. डायमंड कट म्हणून जी चाकं मिळतात त्यांच्या चकचकीत भागावरही वरून क्लिअर कोटच असतो.

ॲनोडायझिंग सापडतं ते घडीव महागड्या चाकांवर, दोन-तीन तुकड्यांच्या चाकांच्या कडांवर, जुन्या आयात गाड्यांवर आणि बाहेरून घेतलेल्या रंगीत नट-बोल्टांवर. बऱ्याच सायकलींच्या काळ्या रिम आणि काही मोटरसायकलींच्या सोनेरी रिमही ॲनोडाइज्ड असतात. त्यामुळे तुमच्याकडे गाडी नसली तरी पुढचं वाचा.

ओळखायचं कसं? सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे चाकाच्या आतल्या बाजूला कोरलेलं कंपनीचं नाव आणि मॉडेल शोधणं आणि त्याची माहिती काढणं. ते जमलं नाही तर या तीन खुणा पाहा.

१. जुने ओरखडे बघा. क्लिअर कोट उखडला की त्याची कड दिसते, नखाला लागते. त्याच्याखाली धातूवर नागमोडी रेषांसारखं गंजणंही दिसतं. ॲनोडायझिंग उखडत नाही. ते फिकं पडतं, धुरकट होतं किंवा त्यावर बारीक पांढरे ठिपके येतात.

२. मल्टिमीटर असेल तर तो कंटिन्युइटीवर ठेवा आणि दोन्ही टोकं चाकाच्या स्वच्छ भागाला अलगद टेकवा, ओरखडा पाडू नका. बीप वाजला तर ते उघडं ॲल्युमिनियम आहे. नाही वाजला तर वर काहीतरी थर आहे. ॲनोडायझिंगमधून वीज जात नाही, पण ती क्लिअर कोटमधूनही जात नाही. म्हणून ही खूण पहिलीसोबतच वापरा.

३. चाकाच्या आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, फडक्याला थेंबभर मेटल पॉलिश लावून हलकेच पुसा. फडकं लगेच काळं झालं तर धातू उघडा आहे. नाही झालं तर थांबा, कारण वर थर आहे. मात्र आतली बाजू आणि पुढची बाजू वेगवेगळ्या पद्धतीने बनवलेली असू शकते, हे लक्षात असू द्या.

एवढं करूनही कळलं नाही तर चाक ॲनोडाइज्ड आहे असं समजूनच धुवा. ॲनोडायझिंगला चालणारी सौम्य पद्धत रंगीत चाकालाही चालते. उलटं मात्र होत नाही.

चिंच, लिंबू, सोडा: घरचे उपाय इथे का चालत नाहीत?

आपल्या घरात भांडी चमकवायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. तांब्या-पितळेला चिंच, लिंबू, मीठ लावायचं. त्यातल्या आंबटपणाने वरचा काळा थर विरघळतो आणि खालची चकचकीत धातू दिसते. तिथे थर म्हणजे घाण असते, म्हणून तो काढणं बरोबर.

ॲनोडाइज्ड चाकावर मात्र थर हीच मुख्य वस्तू आहे. तिथे थर काढला की चाक स्वच्छ होत नाही, उघडं पडतं.

शिवाय ॲल्युमिनियम ऑक्साइडचा एक विचित्र गुण आहे. ते ॲसिडमध्येही विरघळतं आणि अल्कलीमध्येही. ढोबळमानाने पीएच ४ ते ८.५ या पट्ट्यात ते सुखरूप असतं. पाण्याचा पीएच ७ म्हणजे मध्यावर. टॉयलेट क्लीनर, लिंबू, व्हिनेगर एका टोकाला जातात. धुण्याचा सोडा, कॉस्टिक, ओव्हन क्लीनर, भांडी धुण्याच्या मशीनची पावडर दुसऱ्या टोकाला. ॲनोडाइज्ड कढई भांड्यांच्या मशीनमध्ये टाकू नका असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं, त्याचं एक कारण हेच.

याचा पुरावा इमारतींवरही दिसतो. प्लास्टरचं काम चालू असताना ओलं सिमेंट स्लायडिंग खिडकीच्या पट्टीवर पडतं, कोणी लक्ष देत नाही आणि नंतर सिमेंट खरवडलं तरी पांढरा डाग तसाच राहतो. ओलं सिमेंट जोरदार अल्कली असतं. त्याने तेवढ्या जागेवरचा थर खाल्लेला असतो. तो डाग सिमेंटचा नसतो, थर गेल्याचा असतो.

चाकं काळी होतात कशाने?

चाकावर बसणारी काळी पूड म्हणजे निव्वळ धूळ नाही. ब्रेक दाबला की पॅड आणि लोखंडी डिस्क एकमेकांवर घासतात. त्यातून लोखंडाचे बारीक कण, कार्बन आणि पॅडमधला चिकट रेझिन गरम अवस्थेत उडून चाकावर बसतात. पुढे ओल लागली की लोखंडाचे कण गंजतात आणि तपकिरी ठिपके दिसायला लागतात.

आपल्याकडच्या अनेक गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. ड्रमची पूड बरीचशी आतच अडकते आणि ब्रेकचं जास्त काम पुढची चाकंच करतात. म्हणून पुढची चाकं आधी काळी पडतात. तुमच्या गाडीचंही असंच असेल तर पुढची चाकं जरा जास्त वेळा धुवा, चारही एकदम घासत बसायची गरज नाही.

ही पूड ताजी असताना साध्या साबणाच्या पाण्याने निघते. महिनाभर बसू दिली की निघत नाही आणि मग माणूस ॲसिडकडे वळतो. थोडक्यात काय, तर चाकं वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ती वरचेवर धुणं.

धुवायची कशी?

१. चाक थंड होऊ द्या. गाडी थांबवल्या थांबवल्या धुऊ नका. गरम चाकावर साबण लगेच सुकतो आणि डाग सोडतो. सकाळी किंवा सावलीत धुतलेलं बरं.

२. आधी नुसतं भरपूर पाणी मारा. वाळू, चिखल वाहून जाऊ द्या. हे न करता फडकं फिरवलं तर तीच वाळू पॉलिश पेपरचं काम करते. प्रेशर वॉशर असेल तर नोझल हातभर लांब ठेवा आणि टायरच्या बाजूवर एकाच जागी धरू नका.

३. बादलीत पाणी घेऊन त्यात न्यूट्रल पीएचचा कार शॅम्पू टाका. किती टाकायचा ते बाटलीवर लिहिलेलं असतं. चाकांसाठी बादली आणि फडकं वेगळं ठेवा. चाकातले लोखंडाचे कण बॉनेटवर गेले तर तिथे ओरखडे पडतील.

४. मऊ मायक्रोफायबरने किंवा मऊ केसांच्या ब्रशने एकेक चाक धुवा. हिरवी घासणी, तारेची घासणी, भांड्यांची साबणवडी आणि पावडर यांना हात लावू नका. नटांच्या खाचांसाठी जुना मऊ रंगाचा ब्रश उत्तम.

५. एक चाक पूर्ण धुऊन, स्वच्छ पाणी मारून मगच दुसऱ्याकडे जा. साबण चाकावर सुकू देऊ नका.

६. कोरड्या फडक्याने पुसून घ्या. बोअरच्या पाण्याने धुणाऱ्यांनी ही पायरी अजिबात चुकवू नये. जड पाणी सुकलं की क्षारांचे पांढरे डाग मागे राहतात आणि ते काढायला परत आंबट काहीतरी वापरायचा मोह होतो. डाग पडलाच तर आरओच्या पाण्यात भिजवलेलं फडकं थोडा वेळ त्यावर ठेवून हलकेच पुसा. थोडा डाग राहिला तर चालेल, थर गेला तर चालणार नाही.

७. धुतल्यावर गाडी लगेच आठवडाभर उभी करून ठेवू नका. थोडी हळू चालवा आणि दोन-चारदा ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क सुकतात.

डांबराचे ठिपके साबणाने जात नाहीत. त्यासाठी फडक्याला थोडं टार रिमूव्हर किंवा रॉकेल लावून तेवढ्याच ठिपक्यावर पुसा आणि लगेच साबणाने धुवा. रॉकेल थराला खात नाही, पण टायरच्या रबराला लागू देऊ नका. आसपास विडी-सिगारेट नको, हे वेगळं सांगायला नको.

हट्टी तपकिरी ठिपक्यांसाठी बाजारात आयर्न रिमूव्हर मिळतात. लोखंडाच्या कणांशी संयोग होऊन ते जांभळे होतात. त्यातले अनेक न्यूट्रलच्या जवळचे असतात, पण सगळे नाहीत. लेबलवर नुसतं ‘सर्व चाकांसाठी’ लिहिलेलं पुरेसं नाही. ‘ॲनोडाइज्डला सुरक्षित’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या, आधी आतल्या बाजूला वापरून बघा आणि सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका.

शेवटी, चाक स्वच्छ आणि कोरडं असताना दोन-तीन महिन्यांतून एकदा कार वॅक्स किंवा व्हील सीलंटचा पातळ हात फिरवा. वॅक्स घेताना त्यात घासणारे कण नाहीत ना, हे बघा. याने पूड कमी चिकटते आणि पुढचं धुणं सोपं होतं. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात समुद्राजवळ राहत असाल तर हे जास्त महत्त्वाचं. मिठाचे कण थरातल्या बारीक ओरखड्यांतून आत शिरले की तिथे खड्डे पडायला सुरुवात होते. किनाऱ्यावर फिरून आलात तर त्याच दिवशी चाकांवर गोडं पाणी मारा. जिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात अशा देशांत राहणाऱ्यांनाही हेच लागू.

पंक्चरच्या दुकानात काय सांगायचं?

चाकांचं नुकसान फक्त धुण्यानेच होतं असं नाही. टायर उतरवताना लोखंडी पट्टीने कड खरवडली जाते. टायर चेंजर मशीन असलेलं दुकान शोधा आणि मशीनच्या जबड्यांवर प्लॅस्टिकचे गार्ड आहेत का ते बघा. बॅलन्सिंगची वजनं कडेवर ठोकून बसवायला नाही म्हणा, आतल्या बाजूला चिकटवणारी लावायला सांगा. ठोकलेल्या क्लिपखाली थर फुटतो आणि तिथेच पाणी साचतं.

थर गेलाच असेल तर?

पॉलिशने तो परत येत नाही. पॉलिशने धुरकटपणा जातो, कारण उरलासुरला थरही निघून जातो. खालचं उघडं ॲल्युमिनियम काही दिवस आरशासारखं दिसतं, मग काळवंडतं आणि दर काही आठवड्यांनी पॉलिशची नोकरी लागते.

पर्याय तीन आहेत. पहिला, चाक तसंच वापरणं. धुरकट डाग दिसायला वाईट असले तरी नुसत्या डागाने चाक कमजोर होत नाही. मात्र तडे किंवा खोल खड्डे असतील तर ते चाक तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय वापरू नका. दुसरा, पूर्ण सोलून पॉलिश करणं आणि वर क्लिअर कोट मारणं. तिसरा, पुन्हा ॲनोडायझिंग. यात जुना थर रसायनाने काढतात, पृष्ठभाग तयार करतात आणि परत टाकीत सोडतात. दर वेळी थोडा धातू कमी होतो, त्यामुळे हे वारंवार करता येत नाही. चाकाचे तुकडे सुटे करावे लागत असतील तर हे काम अशा चाकांची माहिती असणाऱ्याकडेच द्या.

कोणी पावडर कोटिंग सुचवलं तर एक प्रश्न विचारा. त्यात चाक भट्टीत साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. घडीव चाकांची ताकद उष्णतेच्या ठरावीक प्रक्रियेतून आलेली असते. तुमच्या चाकाला किती तापमान किती वेळ चालेल, हे ते बनवणाऱ्या कंपनीकडून कळल्याशिवाय होकार देऊ नका.

आणि तो कॅन?

परत त्या वॉशिंग सेंटरच्या कॅनकडे येऊ. चाकं झटपट साफ करणाऱ्या काही क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. ते चाकाचा थर खातंच, पण माणसासाठी त्याहून घातक आहे. हे ॲसिड कातडीतून आत शिरतं आणि शरीरातल्या कॅल्शियमशी संयोग पावतं. पातळ असेल तर लागल्या लागल्या दुखतही नाही, वेदना काही तासांनी सुरू होतात. अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवत राहायचं आणि दुखायची वाट न बघता दवाखान्यात जायचं. डॉक्टरांना कशाने झालं ते सांगायचं, कारण त्याचे उपचार वेगळे असतात.

मित्राच्या चाकांवर नेमकं काय मारलं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कॅनवर लेबलच नव्हतं. पण त्याला एक गोष्ट आठवते. चाकं घासणाऱ्या त्या पोराच्या हातात मोजे नव्हते.

त्यामुळे पुढच्या वेळी गाडी धुवायला दिलीत तर उतरतानाच विचारा, ‘चाकांना काय लावताय?’ कॅनवर लेबल नसेल, तर सांगा, ‘चाकांना फक्त शॅम्पू आणि पाणी.’ तुमची चाकं ॲनोडाइज्ड नसली, तरीही सांगा.